धुतलेल्या शेंगा

दादा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर तू लगेच येशील आणि गोड बोलून माझी समजूत काढशील.

खाणीचा बांध फुटून राखाडी गाळ माझ्या शेतात शिरला, तेव्हा खाणीचा तपासनीस म्हणून तूच आलास. चिमूटभर माती हुंगून म्हणालास, "काही होत नाही गं, बिनधास्त वाटाणा पेर." पेरला. वेल गुडघ्याएवढेच झाले. पानं पिवळी, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. उपटून पाहिलं तर मुळं आखूड, जळल्यासारखी. तू म्हणालास, "पाणी जास्त घालतेस." जन्म गेला माझा शेतात, आणि मला पाणी घालता येत नाही? शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली. पण सख्ख्या भावावर संशय कसा घ्यायचा?

काल तुझ्या लेकीने एक शेंग तोडून तोंडात टाकली. तू धावत गेलास आणि बोट घालून ती बाहेर काढलीस. पोर रडायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणालास, "धुतली नव्हती."

माझी मुलं त्याच शेंगा रोज खातात, दादा. धुऊन.

तुझी,
पाणी जास्त घालणारी बहीण