रविवारी अकरा वाजता येणारी गाडी

नागपूर, सोमवार

तीर्थरूप पुष्पलता आत्या,

कागदावरूनच पाया पडतो. खरोखर वाकलो तर मला परत उभं करायला दोन माणसं लागतील. तुझा डावा गुडघा कसा आहे? सावनेरला थंडी पडली असेल. कानाचं नवीन यंत्र लावतेस की डब्यात ठेवून रोज त्याची धूळ पुसतेस? (तुझ्या सूनबाईचा, वंदनाचा संशय दुसऱ्या गोष्टीवर आहे.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. 'बरे' या शब्दात माझी कंबर, उजवा खांदा आणि झोप धरू नकोस.

तू म्हणतेस, फोनवर माणूस सहज खोटं बोलतो, कागदावर जरा लाजतो. म्हणून लिहायला बसलो. चुका लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवलंस तरी चालेल, पण आधी पूर्ण वाच.

मागे तुला सांगितलं होतं की डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आणि मी त्याऐवजी कच्च्या रस्त्यावर, चिखलात, खडकांत उड्या मारणारी दुचाकी गाडी घेतली. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी हे शोभतं का, हा तुझा प्रश्न वंदना रोज विचारते. आम्ही तिघं जण दर रविवारी निघतो. एक मी. दुसरा अंकित, बुटीबोरीच्या आमच्या कापड कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. तिसरी दामिनी, धंतोलीत दातांची डॉक्टर आहे. (आठवडाभर लोकांच्या किंकाळ्या ऐकते, म्हणून रविवारी स्वतः किंचाळायला येते असं तिचं म्हणणं.) तिघंही नेमाने पडतो आणि तिघंही गाडीला दोष देतो. अंकित तर ठामपणे सांगायचा की त्याची जुनी लाल गाडी डावीकडे ओढते. काल तुमच्या सावनेरच्या अलीकडे चहा पिताना दामिनी वैतागून म्हणाली, "आज गाड्या बदलू. दोष कोणाचा ते एकदाचं कळेल." माझी गाडी तिने घेतली, तिची अंकितने, आणि अंकितची लाल गाडी माझ्या वाट्याला आली.

ही गाडी इतकी उंच की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणजे एकदा निघालो की थांबायचं कसं, हा प्रश्न शिल्लकच. खाणीतून काढलेल्या मातीचे जे डोंगर आहेत ना, त्यांच्या मागे पायवाट फुटते. ते दोघं उजवीकडे गेले. मी हँडल उजवीकडेच वळवलं होतं, आत्या, शपथेवर सांगतो. गाडी डावीकडे गेली. ओढली नाही, घसरली नाही. घरचा रस्ता माहीत असलेल्या बैलासारखी शांतपणे वळली. ओरडलो, पण हेल्मेटच्या आतलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येतं.

थोड्या वेळाने गाव लागलं. गाव म्हणजे नुसत्या भिंती. खाणीसाठी जागा गेली, लोक तुमच्याकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेले आणि जाताना दारं-खिडक्या चौकटींसकट काढून घेऊन गेले. स्वच्छ ऊन पडलेलं, सकाळचे अकरा वाजून गेलेले, आणि दोन्ही बाजूंना बिनदाराची घरं आ करून उभी. एक कुत्रं नाही, एक कावळा नाही. (अंधारात घाबरायची मला सवय आहे. उन्हात घाबरायची नव्हती.) गल्लीच्या टोकाला एकाच घराला दार होतं, निळं. त्यासमोर गाडी आपोआप बंद पडली आणि मी कुंपणाच्या खांबाला धरून कसाबसा उतरलो.

ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला. समोर दोन कप चहा. दोन्हींतून वाफ निघत होती.

"आज उशीर केला गा, पिंटू," ते म्हणाले.

मी हेल्मेट काढायला हात वर नेला तेवढ्यात आतून एक बाई झपाट्याने आली, माझा हात धरला आणि कुजबुजली, "काढू नोको. बोलू नोको. नुसता बस घडीभर." मी बसलो. हेल्मेटच्या फटीतून चहा कसा प्यायचा हे मला काल आलं. निम्मा शर्टाने प्यायला.

मग पाणी देण्याच्या निमित्ताने तिने मला मागच्या अंगणात नेलं. तिचं नाव जिजाबाई, यजमानांना सगळा गाव भैयाजी म्हणायचा, मुलगासुद्धा. मुलगा पिंटू तीन वर्षांपूर्वी हायवेच्या वळणावर गेला. भैयाजींना सगळं माहीत आहे, अग्नी त्यांनीच दिला. पण पुढच्या रविवारी अकरा वाजता ते म्हणाले, पिंटूची गाडी आली, दुसरा कप ठेव. तेव्हापासून दर रविवारी.

"मी ठेवते कप. मले काही ऐकू येत नाही कधी," जिजाबाई म्हणाली. "आज मलेही आलं."

मी म्हटलं, मावशी, ही त्याची विकलेली गाडी असेल, म्हणून आवाज तोच. तिने मान हलवली. पिंटूची गाडी निळी होती आणि तिचा सांगाडा अजून पोलीस ठाण्याच्या आवारात पडून आहे.

मला तिथून पळायचं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तिने माझी बाही सोडली नाही. सगळं गाव गेलं, हे दोघंच उरले. महिनाअखेर भिंतीही पाडणार. साहेब लोक कागद घेऊन चारदा येऊन गेले. भैयाजी एकच म्हणतात, पोरगा इथं येतो, घर हलवलं तर त्याला सापडणार कसं. "त्याईले तू सांग," ती म्हणाली, "तुह्यं ऐकतीन."

आत्या, मी आयुष्यात नाटकात एकदाच काम केलं, तेही तुझ्या शाळेत झाडाचं. तरी ओसरीवर गेलो, घसा खाकरला आणि हेल्मेटच्या आतून म्हणालो, "भैयाजी, चला आता तिकडं. इथं कोणी नाही राहिलं."

 भैयाजींनी माझा हात हातात घेतला, एकेक बोट चाचपून पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले, "तू चांगला माणूस हाय गा. पण मी तुले नाही विचारून राहिलो. तुह्या मागं बसून आला, त्याले विचारून राहिलो."

या गाडीला मागे सीट नाही. मी वळून पाहिलं. कुंपणाशी लाल गाडी तिरकी उभी होती, बंद. जिजाबाईने पदर तोंडाशी धरला होता. आणि त्या शांततेत गाडीतून आवाज आला, टक्. जरा थांबून पुन्हा टक्. (तापलेला सायलेन्सर थंड होताना असा वाजतो. मी नंतर अंकितला विचारून घेतलं. तो म्हणाला, वाजतो. पण त्याच्या तोंडाकडे बघून माझं समाधान झालं नाही.)

भैयाजी हसले. "हो म्हणते. येतो म्हणते तिकडं. जिजा, मंगळवारी ट्रॅक्टर बोलाव."

जिजाबाई ओट्याच्या पायरीवरच बसली आणि रडली. मीही रडलो, पण हेल्मेटमध्ये असल्यामुळे कोणाला दिसलं नाही. एवढा एक उपयोग झाला त्याचा. निघताना तिने माझा फोन नंबर घेतला आणि विचारलं, नव्या घरी येशील ना? मी हो म्हटलं. त्या क्षणी त्या बाईला नाही म्हणणारा माणूस मला दाखव.

परतीला गाडी गुमान सरळ चालली. ते दोघं फाट्यावर भेटले. दामिनी माझ्या गाडीवरून पडली होती, अंकित तिच्या. दोष कोणाचा ते कळलं. मी काय झालं ते सांगितलं. अंकित म्हणाला, ही गाडी तूच ठेव.

काकांच्या फोटोला माझा नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
अश्विन

ता. क. : खरं काम हे. ती नवी वसाहत तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. आता दर रविवारी मला तिथं जावं लागणार आणि वंदनाने गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आहे. तिचा फोन आला तर अश्विन दर रविवारी मला वर्तमानपत्र वाचून दाखवायला येतो, असं सांगशील का? कागदावर लाजूनच लिहितो आहे.

ता. क. दुसरा : पाकीट आणण्यात आठवडा गेला. काल रविवारी मी जाऊ शकलो नाही, शेजारच्या मुग्धाच्या लेकाचं बारसं होतं. लाल गाडी तर बुधवारपासून मिस्त्रीकडे आहे, इंजिन खोलून पाटावर मांडलेलं. आज सकाळी जिजाबाईचा फोन आला. नव्या घरात सगळं लागलं म्हणाली. काल अकराला गाडी आली, दोघांनाही ऐकू आली, दार बरोबर सापडलं त्याला. भैयाजी पोटभर जेवले. मग तिने विचारलं, "तू काहून नाही आला गा त्याच्यासंगं?"

पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलं आहे. बसने. वंदनाला काय सांगायचं ते तेवढं लवकर कळव.