हॉब्सच्या पुलाखालचा बाण

२० सप्टेंबर, रविवार
वेबसाइटवर वेन्डेल पाइकचा आकडा आज एकशे चौदा. माझा एकशे नऊ. जुन्या जमीन-मोजणीवाल्यांनी दगडात ठोकलेल्या पितळी चकत्या शोधणं ही काही स्पर्धा नाही, हे मी व्हर्नाला सकाळपासून तीनदा सांगितलं. वेन्डेल विधुर आहे, त्याला दुसरं काम काय? मला बायको आहे.

शिवाय तो मूळचा कनेक्टिकटचा. आमच्या वेस्ट हॅरो गावात राहून अकरा वर्षं झाली म्हणे. इथला म्हणवून घ्यायला अकरा वर्षं पुरत नाहीत, आजोबा चर्चच्या आवारात पुरलेले लागतात. माझे दोघंही आहेत.

२२ सप्टेंबर
पोस्टात वेन्डेल भेटला. माझ्यासाठी दार धरून उभा राहिला. असल्या माणसांपासून सावध राहावं.

२७ सप्टेंबर, रविवार
व्हर्नाला घेऊन गिरणीजवळच्या छपराच्या पुलावर गेलो. पानं रंगायला लागलीत. रिवाजाप्रमाणे ती पुलात, मी पुलाखाली. दोन तास झाडोरा उपसला, चकती नाही. वर आलो तर वेन्डेल. सहज चालला होता म्हणे! माझ्या वाटणीचं चेडर चीजचं सँडविच त्याच्या हातात, आणि दोघं हसत होती. कशाला हसताय विचारलं. काही नाही, म्हणाली.

मी कुणाचा हेवा करत नाही. सँडविच मात्र अख्खं होतं.

२८ सप्टेंबर
व्हर्ना म्हणते, पुढच्या रविवारी ती वेन्डेलच्या गाडीतून पूल बघायला जाणार. त्यानं विचारलं, ती हो म्हणाली. मी मोठ्या मनानं परवानगी दिली. तिनं मागितली नव्हती.

दुपारी २.४०. विचार केला. उपाय एकच. हॉब्सच्या पुलाची १९३४ सालची चकती. चौघांनी शोधली, चौघांनीही 'सापडली नाही' अशी नोंद केली, त्यातला एक वेन्डेल. ती मी शोधायची, नोंदीत व्हर्नाचं नाव घालायचं. मग बघू रविवारी ती कुणाच्या गाडीत बसते ते.

४ ऑक्टोबर, रविवार
ती दोघं सकाळी नऊला गेली. व्हर्नानं निळा स्वेटर घातला होता. आपल्याकडे निळा स्वेटर आहे हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, सहा वर्षं झाली.

मी हॉब्सच्या पुलाखाली. पाय घसरून कमरेपर्यंत पाण्यात. पाण्याची पातळी तपासून झाली.

५ ऑक्टोबर
पायांवर पुरळ. डॉक्टर म्हणाले, विषारी वेल. ती ओळखता येत नाही का, असंही म्हणाले. माणसाला सगळीकडे लक्ष देता येत नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार, स. ११.१५
सापडली. सापडली! पुलाच्या पायाच्या दगडात, बोटभर मातीखाली. 'हॉब्स १९३४' स्वच्छ कोरलंय. शेजारी एक बाण. बाण म्हणजे उत्तर दिशा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझं होकायंत्र मात्र बाणाची दिशा नैर्ऋत्य दाखवतंय. पुलातल्या लोखंडी खिळ्यांचा परिणाम. (पूल लाकडी खुंट्यांचा आहे. पण एखादा खिळा असणारच.)

घरी जाऊन व्हर्नाला सांगितलं. छान, म्हणाली, बूट बाहेर काढ.

१३ ऑक्टोबर
वेबसाइटवर नोंद टाकली, फोटोंसह. एकशे दहा. खाली लिहिलं: 'पत्नी व्हर्नाच्या प्रेरणेनं.' तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी तर तिथं नव्हतेच. बायकांना मोठेपणा घेता येत नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार
चर्चमध्ये चिकन भरलेल्या पेस्ट्रीचं सामूहिक जेवण. पाद्रीबाईंनी माझ्या शोधाचा उल्लेख केला. टाळ्या वाजल्या, मी मोजल्या नाहीत. वेन्डेल टेबलाशी येऊन अभिनंदन करून गेला, चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. आतून जळफळाट झाला असणार. जाताना एवढंच विचारलं की बाण कुणीकडे आहे. उत्तरेकडे, म्हटलं. खरंच उत्तरेकडे का, असं त्यानं पुन्हा विचारलं. मग मी होकायंत्राचं सांगितलं. त्यानं कागदी रुमालावर काहीतरी टिपून घेतलं. व्हर्नानं त्याला रस्सा वाढला. मला माझा घ्यावा लागला.

१८ ऑक्टोबर, रविवार
आज व्हर्ना माझ्या गाडीत बसेल अशी खात्री होती. गाडी धुऊन ठेवली होती. ती वेन्डेलबरोबर हॉब्सला गेली.

संध्या. ६.००. वेबसाइट उघडली. वेन्डेल पाइक, एकशे सतरा. हॉब्स १९३४, मुख्य चकती सापडली. मुख्य! बाणवाली चकती ही नुसती वाटाडी असते म्हणे, बाण मुख्य चकतीकडे तोंड करून असतो. ती दोघं बाणाच्या दिशेनं नैर्ऋत्येला एकसष्ट फूट गेली, शेवाळ खरवडलं, चकती निघाली. मोजायच्या फितीचं दुसरं टोक व्हर्नानं धरलं होतं.

खाली माझं नाव घालून लिहिलंय: 'श्रेय ऑरिन टटल यांचं. त्यांनी बाण शोधला नसता तर आम्ही पोचलो नसतो.' याच्यापेक्षा शिवी परवडली असती. आणि हे 'आम्ही' काय आहे?

१९ ऑक्टोबर
वेबसाइटवाल्यांना पत्र. वाटाड्या चकत्यांना जास्त गुण हवेत, त्या शोधायला कठीण. उत्तर नाही.

२४ ऑक्टोबर, शनिवार
विचारूनच टाकलं. न्याहारी करताना. आवाज शांत ठेवला, कॉफी थोडी सांडली. तुला तो वेन्डेल आवडतो का, म्हटलं.

व्हर्नानं टोस्ट खाली ठेवला. म्हणाली, "वेन्डेल माझ्याबरोबर पुलातून चालतो. तू सव्वीस वर्षं पुलाखाली आहेस, ऑरिन. मी वरून हाका मारायची आणि तू म्हणायचास, थांब, पाच मिनिटं."

म्हणजे मुद्दा एवढाच! पुलातून चालायचं. मला वाटलं काहीतरी गंभीर आहे. ठरलं. १ नोव्हेंबरचा रविवार माझा. वेन्डेलला फोन करून कळवलं. तो म्हणाला, अवश्य जा, फार चांगलं होईल. ढोंगी.

१ नोव्हेंबर, रविवार
गेलो. दोघंच. सँडविच मी केली. चकत्या शोधायचा डिटेक्टर घरी ठेवला.

पुलात शिरलो. आत थंडी, जुन्या लाकडाचा वास. व्हर्ना मधोमध झरोक्याशी थांबली, मीही थांबलो. पुढं काय करायचं असतं ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून विचारलं, वेन्डेल इथं काय करतो?

"काही नाही. मी बोलते, तो ऐकतो."

"मग बोल ना," मी म्हटलं. "मला घाई नाही."

ती झरोक्यातून वाकून खालचं पाणी बघू लागली. वाटलं, विषय शोधतेय. मग माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "तुला सांगायचं होतं ते सगळं त्याला सांगून झालं रे."

पूल एकशे बारा फूट लांब आहे. सँडविच आम्ही गाडीत बसून खाल्ली.