पहिली वाफ

६ ऑक्टोबर
आलो एकदाचे! सेंदाई सोडताना रडू येत होतं, पण योनेझावातलं हे घर पाहिलं आणि सगळं विसरले. सासूबाई, फुसाए, वसंतात गेल्या. तेव्हापासून घर बंदच होतं. नवऱ्याने, कोसुकेने, इथे बदली मागून घेतली, मला दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम मिळालं आणि लेकीला, होनोकाला, बालवाडी. मागच्या पडवीत सासूबाईंचा भलामोठा डीप फ्रीझर आहे. तो पाहून मी नाचायचीच बाकी होते. रविवारी आठवड्याचा स्वयंपाक एकदम करायचा, पिशव्यांत भरून गोठवायचा आणि रोज संध्याकाळी नुसता गरम करायचा. कामावरून दमून येऊन शेगडीपुढे उभं राहणं आता बंद.

१३ ऑक्टोबर
कंबर मोडली, पण फ्रीझर भरला. कोरोक्केचे तळलेले कटलेट, आल्यात शिजवलेले बांगडे, डुकराच्या मांसाची मिसो आमटी. बटाटा गोठवला की त्याचा भुसा होतो, म्हणून आमटीत चेचून घातला. भात गरम असतानाच पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळला. कोसुके बेसबॉल बघत बसला होता. मदत म्हणून चव घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाला. जाता जाता आठवणही करून दिली, की देव्हाऱ्यात आईला रोज सकाळी पहिला भात लागतो, तिने स्वतः पितरांना कधी चुकवला नाही. मग ठेव की बाबा तू, असं ओठांवर आलं होतं. ‘हो’ म्हणाले आणि सासूबाईंसाठी भाताचे अंगठ्याएवढे गोळे वेगळे गोठवले.

२९ ऑक्टोबर
सकाळी होनोकाचा डबा तापायचा असतो, तेव्हा सासूबाईंचा गोळा मायक्रोवेव्हमध्ये कधी घालायचा? मी तो तसाच, दगडासारखा, पितळी वाटीत ठेवते, घंटा वाजवते, हात जोडते. संध्याकाळी उचलून परत फ्रीझरमध्ये. एकच गोळा आठवडाभर चालतो. आज शेजारच्या इवाबुची आजी मुळ्यांची जुडी घेऊन आल्या आणि थेट वाटीत डोकावल्या.

“सूनबाई, मेलेली माणसं भात खात नाहीत गं, वाफेवर जेवतात. फुसाएला उपाशी ठेवू नकोस. ती मागणाऱ्यातली नव्हती, घेणाऱ्यातली होती.”

मी हसून चहा दिला. ह्या गावात ज्याला त्याला माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसायचं असतं.

८ नोव्हेंबर
मायक्रोवेव्ह बिघडलाय. वाडगं हाताला चटका देतं, पण वाफेचा पत्ता नाही आणि तोंडात घास गार. शेवटी आमटी पातेल्यात उकळली. रटरटत होती, तरी वाफ नाही! वेळ वाचवायला हा सगळा खटाटोप केला आणि जेवायला रोज उशीर. वर कोसुके म्हणतो, आईच्या हातचं कधी गार लागलं नाही. मी बशा आपटल्या. होनोका मात्र निमूट जेवली. म्हणाली, आजी गरम गरम सगळं आधी ओढून घेते, मग तोंड भाजत नाही. हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं असेल ते कळतंच आहे. इवाबुची आजींशी बोलायला हवं.

१५ नोव्हेंबर
नवा मायक्रोवेव्ह आणला. तेच. चहालाही वाफ नाही. आंघोळीच्या टबातल्या पाण्यालाही नाही. कोसुकेला हाताला धरून दाखवलं. म्हणे घर जुनं आहे, हवा कोरडी आहे. ह्या माणसापुढे बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं.

२२ नोव्हेंबर
पहिला बर्फ पडला. बालवाडीच्या बसची वाट बघताना पोरं तोंडातून वाफ सोडत होती, चढाओढीने. होनोकाही गाल फुगवून फुंकत होती. काही नाही. पुन्हा फुंकलं. काहीच नाही. गालाला हात लावला तर फ्रीझरमधली पिशवी धरल्यासारखं झालं. आमचे डॉक्टर म्हणाले, ताप नाही ना, मग काळजी कसली. ताप नाही हीच तर काळजी आहे!

२३ नोव्हेंबर
सकाळी विजेचा कुकर लावला. ताजा भात. झाकण उघडलं — वाफ नाही. तरी पहिली वाटी भरून ठेवली, कपाळ टेकून क्षमा मागितली. घंटा वाजवली तर आवाजच —
इवाबुची आजींकडे धावले. त्या म्हणाल्या, आता भाताने भागायचं नाही. तिला माणसाच्या उबेची चटक लागलीय.

२५ नोव्हेंबर
होनोका पडवीत सापडली. फ्रीझरचं झाकण उघडं, ती कमरेपर्यंत आत — कुणाला तरी सांगत होती, थांब, येते. ओठ निळे. कोसुके पडवीत बसून आईला हाका मारतोय, लहान पोरासारखा.
माझ्या तोंडातून अजून वाफ निघते. तेवढी आहे.

२५, संध्याकाळ
वाटीवर वाकले. म्हटलं, “सासूबाई, तुमचा मान मी ठेवला नाही. चूक माझी. माझी वाफ घ्या, पोरीची परत करा.”
श्वास सोडला. तो कुणीतरी ओढत राहिलं — ओढत —
होनोकाने खिडकीवर फुंकलं. काच धुरकटली! तिने त्यात बोटाने मांजर काढलं.
मग मी फुंकलं. काच स्वच्छ.

२६ नोव्हेंबर
बोटं वळत नाहीत. कोसुके म्हणतो, तू पडून राहा, मी फ्रीझरमधलं गरम करतो. नको — ते नको — टाकून दे सगळं
रोज सकाळी ताजा. वाफ असतानाच देव्हाऱ्यात. नाहीतर पुन्हा होनोका —
आता दोन वाट्या लागतील. एक मला. मला भूक लागलीय कोसुके, आत्ताच — आणि होनोका माझ्याशेजारी बसून किती गरम —
इतक्या वर्षांत तुला साधा कुकर लावता आला नाही. लिहून ठेवते. तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धू. पाणी आतल्या रेघेपर्यंत. शिजला की झाकण उघडायच्या आधी वाट्या हाताशी, होनोकाला लांब उभी कर, आणि उघडलंस की लगेच, आधी —