‘चर्चा झाली’चा शिक्का

तीर्थस्वरूप मामांस,

गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ज्याचं आयुष्य बदललं, त्या तुमच्या भाच्याचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामींचा राग कसा आहे? (पहिली दुखते तेव्हा दुसरा चढतो, असं आई म्हणते.) माझी तब्येत उत्तम. फक्त उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत, म्हणून अक्षर असं तंगड्या वर केलेलं दिसतंय. कारण पुढे येईल. फोन केला नाही, कारण तुमच्याकडे फोन मामी उचलतात, आणि मामींच्या कानावर पडलेली गोष्ट आईच्या कानावर पडायला मधे श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही.

तर मामा, मी कॉलेज सोडलं. घाबरू नका, बसून घ्या, मग पुढचं वाचा.

आमच्या कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक सल्लागार असतो. (तुमच्या वेळी मागे फक्त वडील असत, तेही छडी घेऊन.) सत्र सुरू होताना आपल्या सल्लागाराकडे जायचं, पदवीला कोणते विषय लागतात, कोणते झाले, कोणते राहिले याची चर्चा करायची, मग त्यांनी फॉर्मवर सही करायची, अशी योजना. माझ्या वाट्याला आले खडकवाले सर. मी संख्याशास्त्राचा, ते भूगर्भशास्त्राचे, पण वाटणी रोल नंबरवरून झालेली, तिथे कोण बोलणार? त्यांच्या टेबलावर नऊ दगड मांडलेले आहेत. त्या दगडांकडे सर ज्या मायेने बघतात, त्या मायेने विद्यार्थ्याकडे बघायचं तर विद्यार्थी निदान काही लाख वर्षांचा तरी हवा. सरांना वेळ नसतो, म्हणून त्यांनी एक रबरी शिक्का करून घेतलाय: ‘चर्चा झाली’. खाली त्यांची सहीसुद्धा रबराचीच. त्यांचे म्हातारे शिपाई सकाळी आल्या आल्या कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर धपाधप शिक्के मारून ठेवतात. आपण रांगेत जायचं, चर्चा होऊन गेलेला कोरा फॉर्म उचलायचा आणि जिन्यात बसून भरायचा. तीन सत्रं मी हेच केलं. खोटं कशाला बोलू, मला ती व्यवस्था फार आवडायची. आपल्याला कुणी काही विचारत नाही याला मी स्वातंत्र्य समजत होतो.

आता तिच्याबद्दल. (मामींसमोर वाचत असाल तर इथून पान उलटा.) ती माझ्याच वर्गातली, पहिल्या बाकावर बसणारी. प्रश्न विचारताना पेनचं टोपण दातात धरते, त्यामुळे तिचा प्रश्न कुणालाच कळत नाही, पण ऐकत राहावंसं वाटतं. वर्षभरात आमचं बोलणं झालं ते मोजून चार वेळा. त्यातल्या एकदा ती म्हणाली की तिच्या सल्लागार गणिताच्या मॅडम आहेत, त्यांनी तिला तीन वर्षांच्या विषयांचा तक्ता काढून दिलाय, मलाही काढून देतील, चल. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “मला माझा रस्ता ठाऊक आहे.” मामा, माणसाला आपलं थोबाड फोडून घ्यायचं असेल तर असं एखादं वाक्य पुरतं.

रस्ता कसला ठाऊक! माझा रस्ता म्हणजे तिचा रस्ता. ती जे विषय घेईल ते मी घेणार आणि मागच्या बाकावर बसणार, एवढंच माझं नियोजन. सगळ्यांनी घेतलेल्या विषयांची यादी नोटीस बोर्डावर लागते. नावं नसतात, नुसते रोल नंबर आणि पुढे पाच विषय. मी अर्ध्या इंचाची पट्टी लावावी तसं बोट लावून तिची ओळ उतरवून घेतली. मागून कुणीतरी ढकललं. (माझ्या आयुष्यात मागून नेहमी कुणीतरी ढकलतंच.) बोट घसरलं ते खालच्या ओळीवर गेलं, आणि मी प्रेमाने, सुवाच्य अक्षरात, खालच्या ओळीतल्या माणसाचे पाचही विषय लिहून फॉर्म देऊन आलो.

वनस्पतींचे रोग. शिलालेख वाचन. हवामान. ग्रंथालयाची मांडणी. आणि प्राथमिक मधमाशीपालन. लिहिताना मला शंका का आली नाही, असं तुम्ही विचाराल. आली. पण मला वाटलं, काय ही मुलगी! केवढी हिची आवड!

पहिल्या दिवशी ती आली नाही. मी म्हटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या येईल. विषय बदलायची मुदत दहा दिवसांची असते आणि ते दहाही दिवस मी रोगट पानांची चित्रं काढत दाराकडे बघत काढले. अकराव्या दिवशी शेजारचे आजोबा म्हणाले, “चिरंजीव, कुणाची वाट बघताय? या पाचही वर्गांत नेमाने येणारे आपण दोघंच.” ती ओळ त्यांची होती. बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून छत्तीस वर्षं काढलेले गृहस्थ. त्यांना पदवी नको होती, निवृत्तीनंतर दुपार घालवायची होती, म्हणून यादीत जे जे मजेशीर वाटलं ते त्यांनी घेतलं होतं. म्हणजे मामा, ज्याला कुठेच जायचं नाही अशा माणसाच्या मागे मी डोळे मिटून चालत गेलो होतो. माझी हकीकत ऐकून ते पोट धरून हसले, आणि मग जुन्या सवयीने त्यांनी विचारलं, “पण तुम्हाला उतरायचं कुठे?” मी रागावून मधमाश्यांची वही घरीच ठेवायला लागलो.

गेल्या बुधवारी ऑफिसचं पत्र आलं. या सत्रातला एकही विषय तुमच्या पदवीत धरला जाणार नाही, एक वर्ष वाढेल, सल्लागारांना भेटा. दुसऱ्या दिवशी मी सरांच्या सतरा नंबरच्या खोलीत गेलो आणि पहिल्यांदाच शिपायाला ओलांडून थेट टेबलापर्यंत पोचलो. अकरा वाजून दहा मिनिटांनी सरांनी मान वर केली आणि विचारलं, “आपण कोण?”

मी सांगितलं, तुमचा विद्यार्थी, तीन सत्रं झाली. सर खरोखरच चकित झाले. म्हणाले, “माझा? मग इतके दिवस आला का नाहीत?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोरचा एक फॉर्म ओढला, त्याच्या पाठीवर लिहिलं, ‘मी हे कॉलेज कायमचं सोडत आहे’, खाली नाव, रोल नंबर, आणि तो कागद टेबलावर हात आपटून ठेवला. हात पडला दगडावर. (बोटांचं कारण आलं.) सरांनी आधी दगड उचलून कुठे टवका उडालाय का ते बघितलं. मग तो कागद जवळ घेतला, आणि तुमच्या गळ्याची शपथ, काही न वाचता त्यावर शिक्का मारला. ‘चर्चा झाली’. शिपाई तो कागद ऑफिसात देऊन आले. तीन सत्रांत माझं एवढं झटपट झालेलं हे एकच काम.

तिला वाचनालयाच्या पायऱ्यांवर गाठून मी सगळं सांगितलं. तुझ्यासाठी केलं, हेही सांगितलं. तिने टोपण तोंडातून काढलं (म्हणजे प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला) आणि म्हणाली, “मी सांगितलं होतं?” मग पाठ फिरवून चालती झाली. असो.

बाबांना यातलं काही माहीत नाही. आठ वाजता मी डबा घेऊन निघतो आणि दातांच्या दवाखान्यात जाऊन बसतो, कारण तिथे पंखा आहे आणि कुणी बोलत नाही. (तोंडात कापूस असतो.) पण परवापासून तिथल्या बाई मला न मागता नंबर देतात, आणि काल डॉक्टरांनी आत बोलावून एक दाढ भरली. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात हे त्यांच्या मुलाचं मोठं दुर्दैव. रतीभर फरक त्यांना लांबून दिसतो. रात्री जेवताना ते माझ्याकडे असं बघतात की मी उगाच सरळ बसतो.

पण मला पश्चात्ताप नाही. पदवी घेऊन कुणाचं भलं झालंय? तुम्हालाच बघा. (माफ करा.) हे पत्र केवळ तुम्हाला खरं कळावं म्हणून. मागणं काही नाही.

आपला, हाताबाहेर गेलेला,
भाचा

ता. क. सोडलेलं कॉलेज आठ दिवसांच्या आत परत धरता येतं म्हणे. घरातल्या कुणा मोठ्या माणसाने समक्ष येऊन सही केली की माझा तो कागद रद्द होतो. मला त्यात काडीचाही रस नाही. पण तुम्ही सहज इकडे येणार असाल, तर येत्या गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत या. ओळखपत्र आणा. बाबांना कळू देऊ नका. मामा, याच.

ता. क. दुसरा. ती पाठ फिरवून गेली असं वर लिहिलंय, ते अर्धंच आहे. ती गेली ती ऑफिसात. पाऊण तास रांगेत उभी राहिली आणि ही मुदत, सहीची अट, मॅडमच्या खोलीचा नंबर आणि वेळ चिठ्ठीवर लिहून घेऊन आली. मी गदगदून काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाली, “कुणासाठीही विचारलं असतं.” त्या ‘कुणासाठीही’ला कवटाळून मी तेव्हापासून बसलोय.

ता. क. तिसरा. पाकिटावर पत्ता घालताना तारीख बघितली. हे पत्र मी शनिवारी दवाखान्यात सुरू केलं होतं. आज बुधवार. तुमच्याकडे टपाल तीन दिवसांनी पोचतं, म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा मुदत संपून दोन दिवस झालेले असतील. सहीसाठी या, एवढं लिहायला मला सात पानं लागली. तेव्हा ओळखपत्र राहू द्या, कंबर शेकत पडा. उद्या पाचपर्यंत हाताशी असलेलं मोठं माणूस आता एकच उरलंय, आणि ते खाली वजनकाट्यांच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक आत्ताच गेलं. आईला पुढे करावं असं मनात आलं होतं, पण ती रडेल आणि तिची समजूत काढण्यात गुरुवार जाईल. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. ठरवत बसलो तर आठवं पान होईल. पेन ठेवतो, दार ओढून घेतो आणि जातो खाली.