शिक्षेचं मशीन

गुरुवार.

बाई, आज सकाळी दूध आणलं, पेपर वाचला, दोन भाकरी थापल्या. मग कॉम्प्युटरवरची कंपनीची सिस्टीम पुसून टाकली आणि तिच्या जागी लिनक्स घातलं. जेवलो, भांडी घासली, आणि आता तुम्हाला लिहायला बसलो आहे.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आला नव्हता, म्हणून सांगतो. कॉम्प्युटर आपला असतो, पण त्याला चालवणारी अक्कल कंपनीची असते. तिला सिस्टीम म्हणतात. ती अक्कल कंपनी आपल्याला विकते आणि विकल्यावरही स्वतःचीच समजते. मी सकाळी मशीन सुरू केलं की मला न विचारता बातम्या दाखवते, हवामान सांगते, काल काय बघितलं त्यावरून आज काय विकत घ्यावं ते सुचवते. काम मध्येच बंद पाडून स्वतःची दुरुस्ती करत बसते आणि वर लिहिते, थोडा धीर धरा. अशाच एका दुरुस्तीनंतर माझा मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम उघडेनासा झाला. तुम्ही शिकवलेल्या टाइपरायटरच्या कळा त्या प्रोग्रॅममध्ये होत्या. नंतर पडद्यावर निरोप आला की माझं मशीन पुढच्या सिस्टीमसाठी पात्र नाही. पात्र! जणू मी त्याचं स्थळ घेऊन गेलो होतो.

दुकानात नेलं. दुकानदाराने झाकणसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, "काका, ह्यात आता काय बी न्हाय. नवीन घ्या की."

"चालतंय की हे," मी म्हणालो.

"चालतंय ओ. पण कंपनी चालू देत न्हाय."

आणि हसला. स्वतःच्या बोलण्यातलं त्याला काहीच खटकलं नाही, म्हणून मला त्याची कीव आली. मग त्याने मला मराठी टायपिंगचा नवा मार्ग दाखवला. इंग्रजीत एम ए एल ए दाबायचं, की पडद्यावर ‘मला’ उमटतं. "सगळं जग असंच टाइप करतंय," तो म्हणाला. ‘मला’ म्हणायला इंग्रजीच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि याला सोय म्हणतात. मी मशीन पिशवीत घालून घरी आलो. त्यानंतर कित्येक महिने मी मराठीत एक ओळ टाइप केली नाही. हाताने लिहिता येतं म्हणा, पण आयुष्यभर माझी मराठी बोटांतून आली. हातात पेन घेतलं की सामानाच्या यादीपलीकडे मला काही सुचत नाही.

लिनक्स दिलं ते आमच्या गल्लीतल्या निवृत्त प्राध्यापकांनी. ही सिस्टीम कुणा कंपनीच्या मालकीची नाही, फुकट आहे, कुणीही उघडून बदलू शकतो. एवढं दोन वाक्यांत सांगून होतं. प्राध्यापकांनी माझ्याकडे दोन चहा पिऊन सांगितलं. त्यांच्या लॅपटॉपवर इतकी चित्रं चिकटवलेली आहेत की तो प्रवासी कोंबणाऱ्या एखाद्या वडापच्या जीपसारखा दिसतो. "इतकी वर्षं तुम्ही गुलाम होता," ते म्हणाले.

"मी कारकून होतो," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नाही. अशा लोकांना ऐकू जात नाही. दुकानदाराला मला नवं मशीन विकायचं होतं आणि यांना माझा उद्धार करायचा होता. मी काय टाइप करतो हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. प्राध्यापक पेन ड्राइव्ह ठेवून गेले आणि आज मी तो एकट्याने लावला. अवघड काहीच नव्हतं. प्रिंटर अजून ओळखला जात नाही आणि अक्षरं जरा किडकिडीत दिसतात. प्राध्यापक म्हणतील, स्वातंत्र्याची किंमत. म्हणू देत.

पण याच्यात एक गोष्ट सापडली, ती तुम्हाला सांगायची आहे. कळांच्या याद्यांत टाइपरायटरची मांडणी होती. मी ती निवडली आणि बोटं ठेवली. बाई, इतक्या महिन्यांनी बोटं आपापल्या घरी गेली. अर्जाचा मायना टाइप केला. ‘पाणीपुरवठा’ हा शब्द आला, आणि पडद्यावर उमटलं ‘वाणीवुरपठा’.

तुम्हाला ते मशीन आठवत असेल. खिडकीजवळचं, तुमच्या टेबलाला लागून असलेलं. दुरुस्तीवाल्याने ‘प’ आणि ‘व’ या अक्षरांचे खिळे उलटसुलट डकवून ठेवले होते. कळेवर ‘प’ लिहिलेला, कागदावर ‘व’ उमटायचा. दुरुस्तीवाल्याला तुम्ही पुन्हा उंबरा चढू दिला नाही आणि मशीनही बदललं नाही. ते तुम्ही शिक्षेसाठी ठेवलं. जो खाली कळांकडे बघून टाइप करेल त्याची रवानगी तिकडे. "खाली काय सांडलंय व्हय तुझं?" तुम्ही ओरडायचा, आणि पट्टीने त्या मशीनकडे दाखवायचा. तिथे बघून उपयोग नसायचा, कारण कळा खोटं बोलायच्या. बोटांनीच खरं शोधायचं. तुम्ही आम्हाला कुणालाच किंमत दिली नाहीत. "बोटं हायत का वांगी?" हे तुमचं त्यातल्या त्यात मायेचं बोलणं. आज दुकानदाराकडे नि प्राध्यापकांकडे ज्या नजरेने मी बघतो, ती तुमच्याकडून उचललेली आहे. टायपिंगबरोबर तीही शिकलो.

मीही खाली बघताना सापडलो आणि त्या मशीनवर बसलो. बाकीचे आठवड्याभरात तुमच्या विनवण्या करून उठले. मी बसून राहिलो. माझे कागद स्वच्छ येत होते, कारण माझ्या बोटांनी ‘प’ आणि ‘व’ यांच्या जागा बदलून घेतल्या होत्या. त्यामुळे मी उलट्या मशीनवर आहे हे तुम्हीही विसरलात. परीक्षा दुसऱ्या केंद्रावर, मशीन तिथलं, धड. पूर्ण उतारा मी न बघता, न थांबता टाइप केला आणि नापास झालो.

निकालाच्या दिवशी तुम्ही माझा कागद मागवून पाहिला होता. मी दारात उभा आहे. तुम्ही चष्मा काढता, कागद टेबलावर आपटता. "तोंड न्हाय व्हय रे तुला? सगळी पोरं मागून उठली, तू बसलास दगडासारखा. मला सांगाय काय झालतं?" मग तुमचा आवाज खाली आला, मी तो त्याआधी कधी ऐकला नव्हता. "माझंच चुकलं की," तुम्ही म्हणालात, आणि लगेच सगळ्या वर्गावर ओरडलात. पुढे तुम्ही मला धड मशीनवर बसवलंत, पाठीशी उभ्या राहिलात. दुसऱ्या वेळी पास झालो. त्यावर नोकरी लागली, पाणीपुरवठ्याच्याच कचेरीत. पण लक्ष कुठे दुसरीकडे गेलं की बोटं जुन्या मशीनवर जायची. साहेब म्हणायचे, "वाणी काय? आता किराणा दुकान काढायचं व्हय आपण?" मी कागद पुन्हा घालायचो. तुम्ही गेल्याची बातमी पेपरला द्यायची म्हणून तुमच्या मुलाने मजकूर टाइप करायला मला बोलावलं, तेव्हा तो कागद मला किती वेळा बदलावा लागला ते त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, मी हळू आहे.

आज पडद्यावर ती चूक बघून मी नेहमीसारखा ती पुसायला गेलो. मग थांबलो. प्राध्यापक म्हणाले होते, कुणीही उघडून बदलू शकतो. कळांची ती मांडणी म्हणजे एक साधी फाइल आहे, वाचता येईल अशी. एकेका ओळीत कळ आणि अक्षर. मी ‘प’ आणि ‘व’ यांची अदलाबदल केली, त्यांच्या अर्ध्या अक्षरांचीही केली, आणि फाइल जपून ठेवली. कुणाची परवानगी लागली नाही. आता हे मशीन खिडकीजवळच्या मशीनसारखं उलटं आहे आणि हे सगळं मी त्याच्यावर न थांबता लिहिलं आहे. दुसऱ्या कुणी इथे बसून टाइप केलं तर त्याचं वाटोळं होईल. दुसरं कुणी बसणार नाही.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि प्रिंटरही चालत नाही. एक मात्र त्या दिवशी दारात सांगायचं राहिलं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला तोंड होतं. रोज जयसिंगपूरहून येताना तुम्ही चुरमुऱ्यांचं भडंग आणायचा, आणि पाच वाजता पुडी सोडली की माझ्याकडे न बघताच एक मूठ माझ्या मशीनच्या कडेला कागदावर ठेवायचा. तुमचा हात पोचेल एवढ्या अंतरावर तेवढं एकच मशीन होतं. म्हणून मी उठलो नाही.

आता मशीन बंद करतो. कळांवर रुमाल पसरतो, तुम्ही लावलेल्या सवयीप्रमाणे चारही कोपरे आत खोचतो, आणि सकाळसाठी तांब्या भरून ठेवायला उठतो.