मरायचा खेळ

तांडा, कुरुंद्याजवळ
ता. १८ जुलै २०२४

ती. सुदामदादास,
शिलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नको. फोन हाये, रेंजबी हाये, पण मी बोलायला लागले की निता मांडीवर येऊन बसते आन सगळं ऐकते. जे सांगायचं ते तिचंच हाये, म्हणून लिहून राहिले.

गेल्या आठवड्यातल्या धक्क्याचं तू बातम्यांत पाहिलंच असशील. सकाळी चुलीपुढं बसले होते, तर जमिनीखालून ट्रक जावा तसा आवाज आला आन मांडणीवरची भांडी खाली. मागच्या दगडमातीच्या भिंतीला बोटभर चीर गेली. तुझे दाजी म्हणतात, दिवाळीनंतर पाडून नवी बांधू.

पण माझी तकलीफ येगळीच हाये. परवा दुपारी निता त्या भिंतीपाशी पालथी पडलेली दिसली. डोळे मिटलेले, तोंडाला माती. हाका मारल्या, हालली न्हाई. माझ्या हातची घागर सुटली. जवळ गेले तर उठून हसली आन म्हणली, याडी, मी भूकंपात मेले होते, तू रडायचं असतं. मी तिला दोन थापडा मारल्या, दादा. सहा वर्षांचं लेकरू! संध्याकाळी पुन्हा तेच. आता शेजारचीबी दोन-तीन लेकरं येऊन मरून राहिलीत.

आपण काय कमी खेळलो? सीताफळाच्या बियांचे बैल करून, त्यांच्यावर मिठाच्या गोण्या लादून लदेणी हाकायचो. तू तांड्याचा नाईक, मी मागून बैल हाकणारी. वसमतचा बाजार म्हणजे आपला उकिरडा! पण मरायचा खेळ आपण कधी खेळलो न्हाई. हिच्याच डोक्यात हे काहून आलं? शेजारणी म्हणतात, वारं लागलं, भगताला दाखव. मला तिच्याकडं बघायचीच भीती वाटते.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको, आन उत्तर कागदावरच दे.

तुझी,
शिला

चाकण
ता. २९ जुलै २०२४

चि. सौ. शिला हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये तीनदा वाचलं. पहिली गोष्ट, भगताकडं जाऊ नको. दुसरी, दाजींना माझा निरोप सांग की भिंतीला दिवाळीची वाट बघू नका. ते हसतील, तरी सांग.

आता तुझी चूक सांगतो. आपण मरायचा खेळ खेळलोय. तू लहान होतीस, विसरलीस. फुलसिंगकाकाला सापाचं पान लागलं आन ते शेतातून परत आलेच नाहीत, त्या साली. महिनाभर आपण दुसरं काही खेळलो नाही. तू काका व्हायचीस, मी डबा बडवत पुढं चालायचो, आन मागून पोरं तुला खाटेवरून सगळ्या तांड्यात फिरवायची. बापू काठी घेऊन मागं लागले. आपल्या याडीनं त्यांना अडवलं. ती रोज येऊन तुझ्या डोक्याशी बसायची, थोडं रडल्यासारखं करायची आन म्हणायची, आता काका उठले, जेवायला चला. तू लगेच उठायचीस. काही दिवसांनी तूच कंटाळलीस.

खरं सांगू? मला त्या खेळाची आठवण येते तेव्हा काकांची भीती येत नाही, याडीच्या हाताच्या भाकरीचा वास येतो.

नितालाही मारू नको, तिच्यात खेळायला बस. शेवट मात्र तू ठरव. जमीन वाजली की सगळ्यांनी खळ्यावर पळायचं, जो पोचला तो जगला. तुझ्या सासूबाई रूपाबाईंना पायांमुळं उठवत नाही, तर त्यांना बाहेर काढायचं काम निताला दे. मोठं काम मिळालं की लेकरू मरायला रिकामं राहत नाही.

इकडं सगळी बरी आहेत. तब्येतीला जप, दादाची आठवण येईल तेव्हा चार ओळी पाठव.

तुझा,
सुदाम

तांडा
ता. २८ ऑक्टोबर २०२४

ती. सुदामदादास,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी फोनवर मी नुसती रडले, तुला काही समजलं नसंल. आज सगळं लिहून सांगते.

तू सांगितलं तसं आमी तीन महिने खेळलो. निता आजीचा हात धरून वढायची, म्हातारी शिव्या घालत, हसत खळ्यावर जायची. भिंतीचं मात्र सोयाबीनच्या घाईत राहूनच गेलं.

मंगळवारी सकाळी सातच्या आत मी हापशावर होते. पायाखालून तोच आवाज आला. पळत आले तर घराच्या मागं नुसता धुराळा. भिंत बसली होती, आन सासूबाईंची खाट दगडांखाली. मी हातानं दगड उपसले, नखं निघाली. सासूबाईंना हाका मारल्या. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या खळ्यावर बसल्या होत्या, जित्त्या. म्हणल्या, पोरीनं वढत आणलं, ही बघ.

निता त्यांच्याजवळ पालथी पडली होती. डोळे मिटलेले, तोंडाला माती.

दादा, मला हायसं वाटलं. मी तिला रागावले. म्हणले, ऊठ, पुरं झाला खेळ. ती उठली न्हाई. दुसऱ्यांदा म्हणले, हसले सुद्धा. मग तिचा पाय दिसला, रक्तानं भरलेला. निघता निघता दगड लागला होता, तशीच आजीला वढत आली आन पोचल्यावर पडली. मी हसले, दादा. ते हसू मला खाऊन राहिलं.

वसमतला नेईपर्यंत ती शुद्धीवर न्हाई आली. तुझे दाजी गाडी चालवत होते, मी मधी तिला धरून, तिचा श्वास गालाला लागतो का तेवढंच बघत होते. दवाखान्यात डोळे उघडले आन पहिलं इचारलं, आजी पोचली का? पायाचं हाड मोडलंय, महिनाभर प्लास्टर. डॉक्टर म्हणतात, पाय बराबर होईल.

पण आता ती खेळतच न्हाई. समोरच्या छपरात आमी राहतो, तिथं त्या पडलेल्या भिंतीकडं पाठ करून बसते. शेजारची लेकरं बोलवायला येतात, ती बघत बी न्हाई. जिला खेळते म्हणून मारलं, तिनं खेळावं म्हणून मी आता देवाला हात जोडते.

काल दुपारी मीच तिच्यापुढं बसले. तीन खडे मांडून चूल केली, मातीच्या भाकरी थापल्या, पाल्याची भाजी शिजवली, एकटीच बडबडत बसले. सासूबाई बघत होत्या, मला लाज वाटत होती. पानावर वाढून तिच्यापुढं ठेवलं. लई येळ ती हालली न्हाई. मग बोट लावून चाखल्यासारखं केलं, तोंड वाकडं केलं आन म्हणली, याडी, मीठच न्हाई घातलं.

भाऊबीजेला ये. ओवाळणी राहू दे, चार दिवस राहायला ये. वहिनींना, लेकरांना आमची याद सांग, आन आमच्यावर जीव असू दे.

तुझी,
शिला