घडीभराचा हा हिंदोळा

३ मे
निवृत्तीला एक वर्ष उरलं. संकल्प: विमानातल्या अनाउन्समेंट यापुढे रुक्ष करायच्या नाहीत. केबिन क्रूचा प्रमुख मी, माइक माझ्या हातात. चौथीत गुरुजी मला बाकावर उभं करून कविता म्हणायला लावत. खिडकीतली पाखरंसुद्धा गप्प होत. निदान मला तसं आठवतं. हिला संकल्प सांगितला. म्हणाली, दूध उतू जातंय हे सांगायलाही तुम्हाला चार ओळी लागतात.
अरसिक.

७ मे
हवेत विमानाला बसणाऱ्या धक्क्यांसाठी कविता तयार. 'वारा झुलवी, मेघ हालवी, घडीभराचा हा हिंदोळा.' सीटबेल्ट चौथ्या ओळीत येतो. कॅप्टनला ऐकवली. म्हणाला, छान आहे काका, पण धक्का आला की एकच शब्द, बसा. हल्लीची पोरं! 'बसा' कुठल्या वृत्तात बसतो?

१२ मे, संध्याकाळ, हॉटेल
आकाश निरभ्र होतं, रडारवर काही नाही. जेवणाच्या ट्रॉल्या बाहेर. कप किणकिणले. कॉकपिटमधून मला फोन: सगळ्यांना बसवा, आत्ता! मी माइक घेतला. 'हिंदोळा'पर्यंत सुरेख गेलं. पुढच्या रांगेतल्या दोन आजी हसल्यादेखील. तिसऱ्या ओळीला पायाखालचं विमानच कुणी काढून घेतलं. कॉफी छताला. किंकाळ्या. मागे धाकटी, आमच्यातली सगळ्यात नवी, ट्रॉलीसकट उचलली गेली. ती आधी पडली, मग तिच्या पायावर ट्रॉली.
ताई, मागच्या केबिनची सीनियर, रांगत गेली. मासिकांची गुंडाळी लावून तिनं पाय बांधला. मी धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं, राहिलेली ओळ गुणगुणलो. तिनं डोळे मिटून घेतले. चाल भावली असावी.
पण धाकटी बसली का नाही? नव्या पोरी लक्ष देऊन ऐकतच नाहीत.

१५ मे
चौकशी. रेकॉर्डिंग लावलं. आवाज अजून खणखणीत आहे, हे नमूद करतो. मी म्हणालो, साहेब, एकही प्रवासी घाबरला नव्हता. साहेब म्हणाले, तोच तर घोटाळा. तूर्त माइक बंद, उड्डाण बंद. रसिक माणसं वरच्या पदांवर पोचत नाहीत.

१९ मे
हॉस्पिटल. धाकटीच्या घोट्यात स्क्रू घातलेत. पुन्हा उडता येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. तिची आई माझ्याकडे न बघता बाहेर गेली. मी जरा दरडावूनच विचारलं, बाळ, बसली का नाहीस?
म्हणाली, काका, सीट समोरच होती. पण तुमची कविता चालू होती. मध्येच बसले असते तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.
तिला धीर द्यायला चार ओळी लिहून नेल्या होत्या. खिशाकडे हात गेला. तिनं बघितलं, उशीला टेकून नीट बसली आणि म्हणाली, म्हणा ना काका.
म्हणता आलं नाही.